शमुवेलाचा शोक

शास्त्रपाठ : १ शमुवेल १५:३४ ते १६:१३



रामा नावाच्या गावी एक वृद्ध मनुष्य आपल्या घरात शोक करीत बसला आहे. घरात कोणी मेलेले नाही. ज्याच्यासाठी तो रडत आहे तो मनुष्य जिवंत आहे, राजासनावर आहे, आणि त्याच्या अंगी बळही पुष्कळ आहे. तरी शमुवेल संदेष्टा त्याच्यासाठी मेलेल्या माणसासारखा शोक करितो. ज्यांनी हे पुस्तक आरंभापासून वाचले असेल त्यांस ह्याचे कारण सहज उमजेल. शौलाच्या मस्तकावर तेल ओतणारा हात शमुवेलाचाच होता. मिस्पा येथे सर्व लोक जमले असता, त्यांच्याहून खांदाभर उंच असा हा तरुण पुढे करून त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नाही असे शमुवेलानेच सांगितले होते. त्याच राजाने पुढे आज्ञा मोडिली, मोडून सबबी सांगितल्या, आणि देवाने त्याला टाकिले. शमुवेलाने त्यासाठी एक संपूर्ण रात्र देवाजवळ आक्रोश केला. निर्णय फिरला नाही. मग तो रामा येथे परतला आणि शोक करू लागला.

किती दिवस, हे शास्त्र सांगत नाही. परंतु देवाला विचारावे लागले इतके दिवस, एवढे खास. सोळाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत देव त्याला विचारितो की, हा शोक तू कोठवर चालविणार आहेस? आणि उत्तराची वाट न पाहता त्याला काम सांगतो : शिंगात तेल भरावे आणि बेथलेहेमास इशायाच्या घरी जावे.

आम्ही ह्या वचनावर पुष्कळ दिवस विचार करीत आहो, आणि त्यास कारण आहे. खेडोपाडी फिरत असता जितकी माणसे पापाच्या मोहाने खचलेली आढळतात, जवळजवळ तितकीच केलेल्या पापाच्या पस्ताव्याने खचलेली आढळतात. कोणी म्हातारा म्हणतो, मी बापाच्या शेवटच्या दिवसांत त्याला भाकर दिली नाही. कोणी बाई म्हणते, मी सुनेला बोलले आणि ती माहेरी निघून गेली. कोणी उपदेशक बंधू म्हणतात, ज्याला आपण दोन वर्षे शिकविले, बाप्तिस्म्यास तयार केले, तो आज मंडळीचा नावाडा सोडून जुगाराच्या अड्ड्यावर बसतो. आपलेच काही चुकले असेल. ही माणसे प्रार्थना करितात, रडतात, आणि पुढच्या वर्षी आम्ही गेलो की पुन्हा तेच सांगून रडतात. तेव्हा असा पस्तावा धरून ठेवावा काय, त्यात काही पुण्याई आहे काय, ह्याचा निकाल लावणे अवश्य आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. देवाने शमुवेलाच्या शोकाला पाप म्हटले नाही. तो शोक खरा होता, योग्य होता. ज्याला केलेल्या वाईटाची रुखरुख लागत नाही, त्याच्या शेजारी घर बांधू नये. मुलाच्या पायात काटा रुतला आणि ते रडले नाही, तर आई घाबरते. त्या पायाला काय झाले म्हणून पाहते. म्हणून जे कोणी तुम्हांस सांगतात की, झाले ते झाले, विसरून जा, मन कशाला दुखवून घ्यावे, त्यांचे ऐकू नका. काटा आत ठेवून रडणे थांबविण्याचा हा उपाय आहे.

आता शब्दाविषयी थोडे. आपल्या शास्त्रात ‘पश्चात्ताप’ हा शब्द आला आहे, आणि तो आपल्या सर्वांच्या तोंडी बसला आहे. ह्या शब्दाचा अर्थ पाहिला तर मागाहून होणारा ताप, एवढाच आहे. मूळ ग्रीक भाषेत जो ‘मेटानोइआ’ शब्द आहे त्याचा अर्थ मनाचे पालटणे असा आहे. ज्यांनी हा शब्द मराठीत योजिला त्यांस आम्ही दोष देत नाही; ह्याहून चांगला शब्द आम्हांस तरी सुचत नाही. परंतु ह्या शब्दामुळे आपल्या भोळ्या भावांच्या मनात एक समजूत शिरली आहे की, जितका ताप अधिक व जितके दिवस अधिक, तितका पश्चात्ताप मोठा. तापाने मडके भाजून पक्के होते हे खरे, पण कुंभार ते आव्यातून काढतो ना? आव्यातच ठेवले तर त्यात पाणी कोण भरील?

दुसराही एक ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ नुसते मागाहून वाईट वाटणे. मत्तयाने तो यहूदा इस्कर्योताविषयी वापरिला आहे (मत्तय २७:३), म्हणून कित्येक उपदेशक सांगतात की, तो शब्दच हलका. आम्हीही पाठशाळेतून बाहेर पडल्यावर काही वर्षे असेच सांगत होतो. परंतु ह्याच मत्तयाने, ह्याच शुभवर्तमानात, द्राक्षमळ्यात जाणार नाही असे बापाला सांगून मागाहून ज्याला वाईट वाटले त्या मुलाविषयीही तोच शब्द लिहिला आहे (मत्तय २१:२९). यहूदाला वाईट वाटले, आणि त्या मुलालाही वाईट वाटले. शब्द एकच. भेद इतकाच की, मुलगा उठून मळ्यात गेला.

शमुवेलाकडे पुन्हा येऊ. बेथलेहेमास जा, असे देवाने सांगताच त्याने काय उत्तर दिले ते नीट वाचा. मला अजून शौलाचे दुःख आहे, असे तो म्हणाला नाही. तो म्हणाला की, कसा जाऊ, शौलाने ऐकिले तर तो मला जिवे मारील. म्हणजे शोकाच्या घोंगडीखाली भय दडून बसले होते! घोंगडी ओढली तेव्हा ते उघडे पडले. आम्हांस वाटते, ह्या अध्यायात ह्याहून आमच्या जिव्हारी लागणारी ओवी दुसरी नाही, आणि ती का लागली ते सांगणे आता प्राप्त आहे. ह्या स्तंभातून आम्ही वाचकांस दुसऱ्यांच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. आज स्वतःची सांगतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या दिवसांत, दिवेलागणीच्या सुमारास, आमच्याकडील एका खेड्यातून एक मुलगा चालत आला. त्याचा आजा अंथरुणाला खिळून होता. आजा मंडळीचा जुना सभासद. मुलगा म्हणाला, “पाळकसाहेब, आज्याने बोलावलंय. आत्ताच या म्हणलाय.” पाऊस फार नव्हता. वाट चिखलाची, पण ओळखीची होती. परंतु दुसऱ्या दिवशी मंडळ्यांचे वार्षिक हिशेब पाठवायचे होते, आणि आमच्या हिशेबात काही रुपयांचा मेळ बसत नव्हता. आम्ही मुलाला चहा पाजिला, आणि उजाडताच येतो असा निरोप दिला. उजाडल्यावरही हिशेबाचा कागद पुरा करूनच निघालो. आम्ही पोहोचलो तेव्हा भाऊबंद खड्डा खणीत होते. पहाटेच तो वारला होता.

प्रेतक्रिया आम्हीच केली. वचन वाचिले, प्रार्थना केली, माती दिली, आणि त्याच्या विधवेने थांबा म्हटले असता न थांबता मान खाली घालून निघालो.

त्यानंतर आम्हांस जो पस्तावा झाला तो खोटा नव्हता. आम्ही शुक्रवारी उपास करू लागलो. उपदेश करिताना आवाज दाटून येई. पुष्कळांनी आमच्या घरी येऊन सांगितले की, साहेब अलीकडे फार नम्र झाले आहेत. परंतु त्या गावी आम्ही गेलो नाही. तेथील उपासनेस शेजारगावचे शिक्षकबंधू जात. कधी त्यांस सोईचे नसले तर दुसऱ्या कोणास पाठवीत असू. आम्ही मनाला सांगत असू की, कोणत्या तोंडाने जावे, आमची त्या उंबऱ्यावर उभे राहण्याची योग्यता नाही. हे ऐकावयास मोठे लीन वाटते. असे अकरा महिने गेले.

अकराव्या महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने जाणे टळेना. लग्न लागल्यावर आम्ही त्या विधवेच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. ती म्हातारी चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, “त्या राती तुमची वाट पाह्यली खरी, साहेब. पर त्याच्यापरीस ह्या अकरा महिन्यांत लई पाह्यली.”

मग तिने सांगितले. तिच्या नवऱ्याचे आणि धाकट्या दिराचे एका बांधावरून वीस वर्षे वैर होते. बोलणे बंद, पाणी बंद, एका मंडळीत असून प्रभुभोजनास दोघे दोन कोपऱ्यांत. त्या रात्री म्हाताऱ्याला आम्ही हवे होतो ते स्वतःसाठी प्रार्थना करण्यास नव्हे. त्याला भावाला बोलावून सांगावयाचे होते की, बांध मीच कोरला होता, तुझी जमीन तू घे. आम्ही आलो नाही तेव्हा त्याने बायकोला बजाविले की, हे साहेबांना सांग आणि साहेबांच्या तोंडूनच त्याच्या कानी घाल. तू एकटी गेलीस तर तो खरे मानणार नाही. प्रेतक्रियेच्या दिवशी गर्दीत तिला बोलता आले नाही, आणि नंतर आम्हीच दिसलो नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही तिला बरोबर घेऊन दिराच्या घरी गेलो. त्याने सगळे ऐकून घेतले. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारले, “दादा हे कवा बोलला?” आम्ही दिवस सांगितला. तो म्हणाला, “म्हंजे मेल्यावर बी अकरा महिने मी त्याला शिव्या देत व्हतो.”

बंधूंनो, पहिली चूक आमची एका रात्रीची होती. तिची क्षमा आम्ही त्या रात्रीच मागितली असती तर देवाने केली असती, आणि त्या म्हातारीने तर मागण्यापूर्वीच केली होती. दुसरी चूक अकरा महिन्यांची, आणि ती आम्ही पस्तावा म्हणून केली. एका माणसाच्या मनावर जो घाव पडला तो आमच्या हिशेबाच्या कागदाने पडला नाही. आमच्या उपासांनी व आमच्या नम्रतेने पडला. आमच्या शोकाच्या घोंगडीखाली काय होते? म्हातारीच्या तोंडाकडे पाहण्याचे भय. दुसरे काही नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, पाप केले त्याला शिक्षा नको काय? मनातल्या मनात जळत राहणे हीच ती शिक्षा, ती चुकवू कशी? हा प्रश्न आमच्या लोकांत फार जुना आहे. आपल्या वाडवडिलांस जातीच्या पंचायतीचा दंड ठाऊक होता. त्या पंचायतींनी अन्यायही पुष्कळ केले, हे आम्ही विसरत नाही. पण एक पाहा : दंडाला आकडा होता. दंड भरला, जेवण घातले, की तो माणूस पुन्हा पंक्तीत बसे. आपण ख्रिस्ती झालो, आणि आपल्यापैकी कित्येकांनी स्वतःवर असा दंड बसवून घेतला आहे की त्याला आकडा नाही, मुदत नाही, आणि पंक्तीत परत बसण्याचा दिवसही नाही. वधस्तंभावर जे देणे एकदा फेडले गेले, ते आम्ही हप्त्याहप्त्याने पुन्हा फेडू पाहतो. आणि सावकाराने पावती दिली असता ती न वाचताच घरी रडत बसतो.

यहूदाने पाप कबूल केले, हे आपण विसरतो. त्याने तीस रुपये परतही केले. मग उणे काय राहिले? तो गेला कोणाकडे ते पाहा. तो मुख्य याजकांकडे गेला, आणि त्यांनी त्याला सांगितले की, तुझे तू पाहा, आम्हांस काय त्याचे. ज्यांनी पापासाठी पैसे मोजले त्यांच्याच दारी तो पापाचे ओझे घेऊन गेला. तेथून तो एकटाच निघाला, आणि एकट्यानेच पुढचे केले.

पेत्राचा अपराध तोलून पाहिला तर लहान नाही. पण तो त्या मंडळीत राहिला. त्याला तोंड दाखविण्याची लाज वाटली नसेल काय? तरी तो इतरांबरोबर मासे धरावयास गेला, आणि किनाऱ्यावर प्रभु आहे असे कळताच अंगरखा गुंडाळून पाण्यात उडी टाकून निघाला. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव होता. योहानाने हा तपशील उगाच लिहिला असे आम्हांस वाटत नाही. कोळशांच्या विस्तवासाठी जो ग्रीक शब्द त्याने येथे लिहिला तो सबंध नव्या करारात दोनच ठिकाणी आहे : एक येथे, आणि एक मुख्य याजकाच्या अंगणात, जेथे पेत्र हात शेकत असता तीन वेळा नाकारून बसला. प्रभूने त्याला त्याच वासाच्या, त्याच धगीच्या विस्तवाजवळ आणून बसविले, पण आधी भाकर व मासळी खाऊ घातली, मग विचारिले. तीन वेळा नाकारिले होते, तीन वेळा विचारिले. आणि प्रत्येक उत्तरापाठोपाठ मेंढरांचे काम अंगावर घातले. तू इतके दिवस किती रडलास, असे एकदाही विचारिले नाही.

हाच पेत्र पुढे यरुशलेमेत लोकांसमोर उभा राहून त्यांस म्हणतो की, तुम्ही त्या पवित्र पुरुषाला नाकारिले (प्रेषितांची कृत्ये ३:१४). नाकारिले! हा शब्द त्याच्या तोंडून कसा निघाला? ज्या शब्दाने त्याचा कंठ दाटावा तोच शब्द तो भर सभेत उच्चारितो. त्या शब्दाचा काटा निघाला होता, म्हणूनच ना?

येथे आमच्या साक्षीच्या सभांविषयी एक बोलणे अवश्य आहे, आणि कोणी रागावू नये. एक बंधू आहेत, नाव गाव सांगत नाही. ते दर सभेत उठून आपल्या पूर्वीच्या दारूची हकीगत सांगतात. सांगता सांगता ती इतकी रंगते की, तरुण मुले पुढे सरकून ऐकतात, आणि गुत्त्याचा वास देवळात येतो की काय असे वाटते. दारू सोडून त्यांस पंधरा वर्षे झाली. ह्या पंधरा वर्षांत प्रभूने त्यांच्याकडून काय करविले हे मात्र ते कधी सांगत नाहीत. पस्तावा असा जवळ बाळगला की तो दागिना होऊन बसतो.

ह्याच संबंधात जॉन न्यूटन ह्या इंग्रज पाळकाचे चरित्र ध्यानात घेण्याजोगे आहे. कृपेविषयीचे त्यांचे गीत देशोदेशी गाइले जाते; त्यांचे पूर्वायुष्य सर्वांस ठाऊक नसते. त्यांचा जन्म १७२५ साली लंडन येथे झाला. ते खलाशी होते, आणि आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून भरून नेणाऱ्या गलबतांवर त्यांनी काम केले. १७४८ च्या मार्च महिन्यात समुद्रात मोठे वादळ झाले, त्यात त्यांनी देवाचा धावा केला, आणि तेव्हापासून ते देवाकडे वळले असे ते मानीत. येथवरची गोष्ट आमच्या रविवारच्या शाळांत सांगितली जाते. पण पुढची गोष्ट अशी की, त्या वादळानंतर १७५० पासून १७५४ पर्यंत ते स्वतः कप्तान होऊन गुलामांचीच गलबते नेत होते! १७५४ साली प्रकृतीच्या कारणाने त्यांनी समुद्र सोडला. १७६४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली व ते ओल्नी गावी काम करू लागले; त्याच वर्षी त्यांचे आत्मवृत्तही छापले गेले. परंतु गुलामांच्या व्यापाराविरुद्ध छापील पुस्तिका त्यांनी काढली ती १७८८ साली. समुद्र सोडल्याला तोपर्यंत ३४ वर्षे झाली होती.

ह्या ३४ वर्षांत त्यांस खेद झाला नसेल असे कोण म्हणेल? परंतु त्या अंतःकरणातील खेदाने गलबताच्या तळघरातील एकाही मनुष्याची बेडी सैल झाली नाही. १७८८ च्या पुस्तिकेत त्यांनी स्वतः पाहिलेले व स्वतः केलेले लिहिले, आणि ते आपल्याला किती लाजविते हेही लिहिले. मग प्रिव्ही कौन्सिलपुढे व पार्लमेंटच्या समितीपुढे जाऊन त्यांनी साक्ष दिली. असे घडते असे ऐकिले आहे, म्हणून सांगणारे पुष्कळ होते. मी हे केले आहे, असे सांगणारा कप्तान मिळणे कठीण होते. १७८५ साली विल्यम विल्बरफोर्स हे तरुण सभासद त्यांच्याकडे गुप्तपणे सल्ला मागण्यास आले असता, राजकारण सोडू नका, असे न्यूटन ह्यांनीच सांगितले होते. हेच विल्बरफोर्स पुढे पार्लमेंटात त्या व्यापाराविरुद्ध वीस वर्षे झगडले. १८०७ च्या मार्चमध्ये तो व्यापार बंद करण्याचा कायदा झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन वारले. उशीर फार झाला. आम्ही तो झाकून ठेवीत नाही. परंतु ते निघाले.

आता एक निराळ्या जातीचा पस्तावा आहे, आणि त्याविषयी बोलताना आम्ही जपून बोलतो. आमच्या एका मंडळीतील मातेचा सहा वर्षांचा मुलगा पावसाळ्यात तिच्याजवळ जमिनीवर निजला असता, मध्यरात्री पोट दुखते म्हणून रडत उठला. तिने ओवा दिला, पोट शेकले, मांडीवर घेतले. पहाटे त्याच्या पापण्या मिटू लागल्या व जीभ जड झाली, तेव्हा तिने गाडी जोडण्यास सांगितले. मुलगा वाटेतच गेला. डॉक्टर म्हणाले, मण्यार चावली असावी. मण्यारीचा दंश कित्येकदा दुखत नाही, खूणही दिसत नाही, आणि प्रथम पोटच दुखते, हे त्या मातेला कोठून ठाऊक असणार? ती आम्हांस विचारी, “साहेब, मी ओवा देत बसले, ह्याची देव क्षमा करील का?”

अशा ठिकाणी आम्ही पाळक लोक फार चुकतो. आम्ही लगेच क्षमेचे वचन काढून वाचितो, आणि त्यायोगे तिने पाप केले असे तिच्या मनात पक्के करून देतो. तिने पाप केले नव्हते. न कळणे हे पाप नाही; त्यासाठी पश्चात्ताप मागणारा देव पवित्र शास्त्रात आम्हांस आढळला नाही. तिला आम्ही एवढेच सांगितले की, हे दुःख आहे, हा अपराध नाही, आणि दुःखाला प्रभु येशू लाजराच्या कबरेपाशी रडला तसा रडतो. तिचे समाधान झाले असे म्हणवत नाही. दोन वर्षे ती मंडळीत येई व मागे बसे.

मग एके वर्षी मृग लागला आणि तिने काय मनात आणिले कोण जाणे. ती वाड्यात घरोघर गेली. मुलांना भुईवर निजवू नका, बाजेवर निजवा, मच्छरदाणी चहूकडून अंथरुणाखाली दाबा. पावसाळ्यात रात्री मुलाचे पोट अचानक दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर मांत्रिकाकडे नको, ओवा नको, थेट सरकारी दवाखाना गाठा, तेथे सर्पविषावरची लस असते, असे तिने प्रत्येक आईला सांगितले. तेव्हापासून दरवर्षी मृगात ती जाते. ख्रिस्ती घर, हिंदू घर, मुसलमानाचे घर, ती पाहत नाही. तिचे दुःख गेले नाही, आणि ते जावे अशी आम्ही प्रार्थनाही करीत नाही. पण आता ती मागे बसत नाही.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल की, ज्याची क्षमा मागावयाची तो मेला, जे परत करावयाचे ते उरले नाही, मग आम्ही कोठे जावे? जक्कयाने ज्यांस लुबाडले ते सर्व त्याला थोडेच सापडले असतील? त्याने अर्धी मालमत्ता दरिद्र्यांस दिली. बाप मेला असेल तर गावात दुसरा कोणाचा बाप भाकरीवाचून बसला आहे. सून परत येत नसेल तर तिच्या माहेरी एक माणूस पाठवून निरोप पोहोचविता येतो. ती येवो वा न येवो. आणि उपदेशक बंधूंनो, जो तुमचा शिष्य जुगाराच्या अड्ड्यावर बसतो त्याच्यासाठी घरी रडत असाल, तर अड्ड्याची वाट तुम्हांस ठाऊक आहे.

शमुवेलाविषयी अजून एक सांगावयाचे राहिले. तो भीत भीत, बरोबर एक कालवड घेऊन बेथलेहेमास गेला. इशायाचा वडील मुलगा अलीयाब समोर आला. उंच, देखणा. शमुवेलाने मनात म्हटले की, हाच देवाचा अभिषिक्त! पाहा, शौलाच्या वेळी उंची पाहून जे झाले तेच पुन्हा. इतके दिवस शोक केला, आणि त्या शोकाने त्याला एवढेही शिकविले नाही की उंचीकडे पाहू नये. ते त्याला शिकविले गेले इशायाच्या अंगणात, काम चालू असता, तेल हातात असता. एक एक करून सात मुलगे समोरून गेले, आणि आठवा मेंढरांकडून बोलावून आणावा लागला.

अभिषेक झाल्यावर शमुवेल कोठे गेला, हे तेराव्या ओवीत सांगितले आहे. तो रामा येथे परत गेला. तेच गाव, तेच घर. शोकाचा उल्लेख पुन्हा नाही. त्या घराचे नाव पुढे एकोणिसाव्या अध्यायात येते : शौलाने मारावयास माणसे पाठविली, दावीद रात्री खिडकीतून उतरून पळाला, आणि पळत पळत जो आला तो रामा येथे, शमुवेलाच्या दारी. म्हाताऱ्याने त्याला आत घेतले, आणि शौलाने जे जे केले ते सर्व दाविदाने त्याला बसून सांगितले.